धाकट्या भावंडांचे आजारपण

गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडून शाळेत ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांत एक कारण आम्हांस वारंवार आढळते. "घरी धाकटा आजारी होता, आम्ही दोघेही कामावर, म्हणून मुलीस घरी ठेवले." या एका ओळीत आपल्या भागातील संसाराचे सारे चित्र सामावलेले आहे. कुरुळी हे गाव इंद्रायणीच्या उत्तरेस, पुणे-नाशिक महामार्गालगत वसलेले. एके काळी येथील माणसाचा दिवस शेतीच्या कामांनी व चाकणच्या कांदाबाजाराने ठरत असे; आता तो कारखान्यातील पाळ्यांच्या वेळापत्रकाने ठरतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून, त्याचप्रमाणे उत्तर प्रदेश व बिहारसारख्या दूरच्या प्रांतांतून आलेली कित्येक कुटुंबे येथील चाळींतून भाड्याने राहतात. गावाकडे मूल तापले तर आजी, काकू, शेजारची म्हातारी अशी चार अनुभवी माणसे उशाशी येऊन बसत. येथे ती नसतात. वडील रात्रपाळी करून झोपलेले आणि आई सकाळच्या पाळीस गेलेली, अशा वेळी घरातील जाणते माणूस कोण? तर आमच्याच सातवी-आठवीच्या वर्गात बसणारी मुलगी किंवा मुलगा!

प्रस्तुत लेख मुख्यतः अशा मुलामुलींसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही लिहीत आहोत. त्यांना वैद्य बनवावे असा आमचा मुळीच हेतू नाही. रोगाची परीक्षा करणे व औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम होय, व ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. परंतु आजारी मुलाच्या उशाशी जो बसला आहे त्याच्याही हाती तीन कामे असतात: नीट पाहणे, साधा उपचार तत्काळ सुरू करणे, आणि वेळ न दवडता मदत बोलावणे. लहान मुलांच्या नेहमीच्या आजारांत पुष्कळदा या तीन कामांवरच जिवाचा निकाल अवलंबून असतो.

सर्वांत नेहमीचा आजार म्हणजे जुलाब. "दात येताहेत, जुलाब व्हायचेच," असे म्हणून आपण तो अंगावर काढतो. वस्तुतः दात येण्याच्या वयातच मूल रांगू लागते, दिसेल ती वस्तू तोंडात घालते, वरचे अन्न खाऊ लागते. आणि त्या वाटेने जंतू पोटात जातात. दातांवर आळ येतो, खरा अपराधी दूषित पाणी व न धुतलेले हात हे असतात. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा जंतूंमुळे नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. मोठ्या माणसाच्या मानाने तान्ह्या बालकाच्या अंगात पाण्याचा साठा थोडा. तो एका दिवसातही आटू शकतो. म्हणून जुलाब थांबवण्याच्या मागे न लागता, गेलेले पाणी भरून काढणे हाच पहिला उपाय होय.

येथे एक शंका येते. साधे पाणी पाजले तर काय बिघडले? बिघडते असे नाही. पण ते पुरे पडत नाही. आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म द्वारे असतात. मीठ व साखर ही दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आली म्हणजे जोडीने त्या द्वारांतून आत जातात, व पाणी त्यांच्यामागोमाग ओढले जाते. जुलाबाच्या आजारातही ही वाट बहुधा खुली राहते. जलसंजीवनी, जिला दुकानात ओआरएस म्हणतात, तिचे सारे रहस्य एवढेच आहे. मात्र प्रमाण बिघडले तर गुणाऐवजी अवगुण येतो. साखर अतोनात झाली तर ती उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवते. मीठ जास्त झाले तर तेही बालकास घातक ठरते.

या साध्या मिश्रणाची कसोटी १९७१ साली लागली. पूर्व बंगालातील युद्धामुळे लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यावयाचा द्रव संपत आला, जमिनीवर रुग्णांच्या रांगा लागल्या. तेव्हा त्यांनी प्रत्येक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करवून पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. ज्या रोगात शेकडा तीसच्या आसपास माणसे दगावत होती, तेथे या उपायाने ते प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. हे यश डॉक्टरांचे तर खरेच; पण रात्रभर बसून घोट घोट पाणी पाजणाऱ्या आया, बहिणी व भाऊ यांचाही त्यात वाटा आहे. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले व पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. आशाताईंकडून अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारी पुडी आधीच घरात आणून ठेवावी. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी. कोणती आहे ते पुडीवर वाचावे. हात साबणाने धुऊन, उकळून निववलेल्या पाण्यात पूर्ण पुडी एकदम घालावी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असे करू नये. त्यात आणखी साखर वा सरबत मिसळू नये. केलेले मिश्रण झाकून ठेवावे, व चोवीस तासांनंतर उरलेले टाकून नवे करावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून देता येते. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा घ्यावा व बोटाने सपाट करावा. शीग लावू नये.

दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप पाजावे. तान्ह्यास चमच्याने, मोठ्यास कपाने, घोट घोट द्यावे. उलटी झाली तर "पोटात ठरतच नाही" म्हणून बंद करू नये. दहा मिनिटे थांबून पुन्हा, पूर्वीपेक्षा सावकाश, चमचा चमचा सुरू करावे. उलटीत जाते त्याहून अधिक पोटात राहते. अंगावरचे दूध कधीही तोडू नये. मऊ भात, वरण, पेज, खिचडी, केळे असे नेहमीचे अन्न थोडे थोडे देत राहावे. जुलाबात उपाशी ठेवण्याची आपल्याकडील जुनी चाल बालकाचे बळच हिरावून घेते. याशिवाय डॉक्टर अथवा आरोग्यसेविका झिंक नावाच्या गोळ्या देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढे २० मिलिग्रॅम, याप्रमाणे चौदा दिवस त्या द्यावयाच्या असतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या चौदा दिवस पुऱ्या कराव्या, कारण त्यांचा उपयोग पुढील जुलाब टाळण्यासही होतो.

पालकांस येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. कित्येक गोड पेये खोक्यांत भरून "ओआरएस" या अक्षरांसह दुकानांत विकली जात होती; त्यांत साखर भरमसाट आणि क्षार अपुरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पुडीवर आहे की नाही हे वाचून घ्यावे. हे वाचण्याचे काम घरातील शिकणाऱ्या मुलाने करावे. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना आसवे येईनात, लघवी सहा-आठ तास झाली नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश मागे जाते, मूल सुस्त पडले किंवा पाणी पिईना, शौचात रक्त दिसले, यांपैकी एकही खूण आढळली तर घरी थांबू नये. वाटेतही पाजत पाजत दवाखान्यात न्यावे. मात्र शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

दुसरा आजार खोकला-सर्दीचा. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते व आठवडा-दहा दिवसांत आपली आपण बरी होते. तिच्यावर अँटिबायोटिक औषध चालत नाही. उगाच दिल्याने जंतू त्या औषधास सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी ते निकामी ठरते. "डॉक्टरसाहेब, सुई द्या, बाटली लावा," असा आग्रह पालकांनी धरू नये. काहीही न टोचता समजूत देऊन परत पाठवणारा डॉक्टर अनेकदा खरा हितकर्ता असतो. पण सर्दीतून न्यूमोनिया ओळखायचा कसा? त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ व दोन डोळे पुरतात. मूल शांत असताना, रडत वा पीत नसताना, पोटावरचे कापड बाजूला करून एक पूर्ण मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांखालील बालकास ६० वा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० वा अधिक श्वास भरले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ज्यास आपल्याकडे "पोट उडणे" म्हणतात, ओठ निळे पडणे, कण्हणे, ही त्याहून गंभीर लक्षणे होत. अशा मुलास त्याच घटकेस रुग्णालयात न्यावे.

ही विद्या सामान्य माणसास जमते, याचे प्रमाण आपल्या महाराष्ट्रातच मिळालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली "सर्च" ही संस्था सुरू केली. गावातील फारसे शिक्षण न झालेल्या माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व ठरलेले औषध देण्यास त्यांनी शिकवले. पुढे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन व ताप पाहतात, त्यामागे या कामाची प्रेरणा आहे. तेव्हा त्या दारात आल्या तर "आमचे बाळ चांगले आहे" म्हणून परत पाठवू नये. त्याचप्रमाणे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून खेड्यांतील साध्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. निरक्षर माउलीस जे साधले ते आमच्या आठवीतील विद्यार्थ्यास का साधू नये?

खोकल्याच्या औषधाविषयी विशेष सांगणे प्राप्त आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले आढळले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली चौदा रुग्ण दगावले तेही याच विषाने; त्या वेळी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली होती. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ मध्ये कळवले आहे की, दोन वर्षांखालील मुलांस खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत, व पाच वर्षांखालीही ती सामान्यतः देण्याजोगी नाहीत. नुसत्या खोकल्यास कोमट पाणी, अंगावरचे दूध व विश्रांती पुरते. एक वर्षावरील मुलास थोडा मध चालतो. त्याआधी मध देऊ नये, कारण त्यातील विशिष्ट जंतूंचे बीज तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष निर्माण करू शकते. बाळगुटीबरोबर मध चाटवणाऱ्या वडीलधाऱ्यांस हे नम्रपणे सांगावे.

तिसरा पाहुणा ताप. ताप हा स्वतः रोग नव्हे. शरीर जंतूंशी झुंजत असल्याची ती खूण आहे. हाताच्या स्पर्शावर न विसंबता तापमापकाने मोजून, वेळेसह कागदावर लिहून ठेवावे. ती चिठ्ठी डॉक्टरांस फार उपयोगी पडते. १००.४ अंश फॅरनहाइटपासून ताप मानतात. अंगावर हलके कपडे ठेवावे, पाणी पाजावे. तीन महिन्यांखालील बालकास ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

पॅरासिटामॉल हे तापाचे नेहमीचे औषध. परंतु त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसाकाठी चारांहून अधिक मात्रा नाहीत, हा सर्वसाधारण नियम होय. खरा धोका बाटल्यांच्या घोटाळ्यात आहे. एकाच औषधाच्या बाटल्या निरनिराळ्या तीव्रतेच्या मिळतात: कोणत्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, कोणत्या बाटलीत २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांत एका मिलिलिटरलाच १००! दहा किलोच्या मुलास लागणारे १५० मिलिग्रॅम पहिल्या बाटलीतून सहा मिलिलिटर, दुसरीतून तीन, आणि थेंबांतून केवळ दीड मिलिलिटर होतात. विद्यार्थीहो, त्रैराशिक कशासाठी शिकावे असे तुम्ही विचारता ना? हे पाहा त्याचे एक उत्तर. मात्रा डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घ्यावी, बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापानेच मोजावी, व शेजाऱ्याच्या बाटलीतून उसने औषध घेऊ नये. ॲस्पिरिन मुलांस आपल्या मनाने कधीही देऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरे औषध डॉक्टरांस विचारल्याशिवाय देऊ नये. पोटात तीव्र कळा, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, ही लक्षणे ताप उतरतानाच दिसू शकतात. म्हणून ताप गेला की धोका गेला असे समजू नये.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांस तापात झटके येतात. दृश्य भयंकर दिसते. घरचे लोक "ताप डोक्यात गेला" म्हणून हवालदिल होतात, कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल, कोणी दातांत चमचा घालतो. यांतील एकही गोष्ट करू नये. मुलास जमिनीवर एका कुशीवर निजवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये, व घड्याळ पाहावे. बहुतेक झटके काही मिनिटांत थांबतात व मेंदूस इजा करीत नाहीत. तरीही पहिला झटका आल्यास डॉक्टरांस दाखवावेच. पाच मिनिटांत थांबला नाही तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. २६ जानेवारी २०१४ पासून ही विनामूल्य सेवा महाराष्ट्रात चालू आहे. बोलताना घाबरून न जाता गाव, चाळ, जवळची खूण व मुलाचे वय एवढे स्पष्ट सांगावे.

आजार होऊच नये यासाठी लस हा उपाय सर्वश्रेष्ठ होय. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात ही लस यशस्वीपणे लाभलेली ती पहिली व्यक्ती. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९८० साली, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. जुलाबाचे एक मोठे कारण असलेल्या रोटा विषाणूवरील भारतीय लसीची अखेरची मोठी चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे वढू येथील केंद्र होते. म्हणजे हा पराक्रम आपल्या शेजारीच घडलेला आहे. आज ही लस सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. लस टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो; तेवढ्यासाठी पुढील लस चुकवू नये. गाव वा भाड्याची खोली बदलली तरी माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे, कारण कोणत्याही केंद्रात त्यावरून पुढची लस घेता येते.

शेवटी पालकांस दोन शब्द. मोठ्या मुलावर धाकट्याचा भार टाकणे परिस्थितीमुळे कित्येकदा अटळ होते, हे आम्ही जाणतो. परंतु धोक्याची खूण दिसत असलेल्या बालकापाशी शाळकरी मुलास एकटे ठेवणे योग्य नाही. त्या दिवशी एक पाळी बुडाली तरी चालेल. इतर दिवशी भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर आईचा व वडिलांचा भ्रमणध्वनी क्रमांक, आशाताईंचा क्रमांक, १०८, धाकट्याचे ताजे वजन, व शेवटची औषधाची मात्रा किती वाजता दिली ते लिहावे. एका विश्वासू शेजाऱ्यास सांगून ठेवावे, आणि "काही वाटले तर लगेच फोन कर, कामावर कोणी रागावणार नाही, आणि मीही रागावणार नाही," असे मुलास स्पष्ट सांगावे. कारण पुष्कळ मुले रागाच्या भीतीने फोन करीत नाहीत व मोलाची घटका निघून जाते.

आणि विद्यार्थीमित्रहो, ज्या दिवशी तुम्ही रात्री उठून धाकट्यास चमचा चमचा पाणी पाजता, त्या दिवशी तुमचा गृहपाठ राहिला तर आम्हांस येऊन सांगा. तो दुसऱ्या दिवशी पुरा करता येईल.